सनद वैद्याची, नोंद वास्तूची

नागपूरहून हावड्याकडे निघालेला लोहमार्ग शहराची दाट वस्ती मागे टाकून कन्हान नदीच्या दिशेने जाऊ लागतो, त्या टापूत मौजा कळमना वसलेला आहे. मालगुजारीच्या अमदानीत शहराबाहेरील साध्या शेतकी खेड्यांत ज्याची गणना होत असे, त्या या गावाच्या शिवारात पुढे कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार उभे राहिले. इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत कोंडलेला धान्याचा ठोक व्यापार तेथे आला, मृग आणि आंबिया अशा दोन्ही बहरांची संत्री तेथे उतरू लागली, मिरचीच्या पोत्यांच्या थप्प्या लागल्या, आणि या मालाची चढउतार करण्यासाठी हमाल, मापारी, गाडीवान, धान्य पाखडणाऱ्या बाया यांची वस्ती मिनीमातानगर, विजयनगर, भरतवाडा, पारडी अशी चहूबाजूंनी वाढत गेली. यांतले पुष्कळ लोक छत्तीसगडातून पोट भरण्यासाठी आलेले. पोत्यांच्या ओझ्याने धरलेली पाठ, मिरचीच्या खकाण्याने न थांबणारा खोकला, पावसाळ्यात घरोघर फिरणारा हिवताप ही दुखणी अशा वस्तीच्या पाचवीला पुजलेली असतात, आणि सरकारी मेयो रुग्णालयाच्या रांगेत अर्धा दिवस घालवणे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवणे, असा हिशेब ज्यांना रोज करावा लागतो, त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला एका खोलीचा दवाखाना अपरिहार्यपणे उघडला जातो.

अशा दवाखान्याच्या भिंतीकडे ज्याने कधी निरखून पाहिले असेल, त्याच्या ध्यानात आले असेल की डॉक्टरांच्या खुर्चीमागे चौकटीत बसवलेले चार-सहा कागद टांगलेले असतात: विद्यापीठाची पदवी, वैद्यक परिषदेचे नोंदणीपत्र, दुकाने व आस्थापना कायद्याखालची पावती, जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या संस्थेशी झालेला करार, आणि कोपऱ्यात पिवळ्या व लाल पिशव्या लावलेल्या बादल्या, त्यांच्या शेजारी वापरलेल्या सुया टाकण्याचा पांढरा, अर्धपारदर्शक, न भेदला जाणारा डबा. रोग्याचे लक्ष या कागदांकडे क्वचितच जाते. परंतु हे कागद एकाच वेळी, एकाच हेतूने, एकाच सरकारने निर्माण केलेले नाहीत. त्यांतील प्रत्येकामागे निराळा कालखंड, निराळी भीती आणि निराळा वाद आहे. आणि हे सारे कागद क्रमाने वाचले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती अशी की आपल्या राज्यसंस्थेने वैद्याची परीक्षा घेतली, पलंगांची मोजदाद केली, कचऱ्याचा हिशेब मागितला, पण जिथे गरीब माणूस सर्वांत आधी जातो त्या एका खोलीच्या दवाखान्याची, दवाखाना म्हणून, नोंद घेण्याचे मात्र राहून गेले.

वैद्यकाच्या व्यवसायास राजाची अनुज्ञा लागावी ही कल्पना इंग्रजांनी आणलेली आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायाचा विषयच मुळी वैद्याने चिकित्सेच्या मार्गावर पाऊल कसे टाकावे हा आहे. ज्याने शास्त्राचे अध्ययन केले आहे, त्याचा अर्थ मनन केला आहे, प्रत्यक्ष कर्म पाहिले आणि हाताने केलेही आहे, आणि ज्यास राजाने अनुज्ञा दिली आहे, अशा वैद्याने नखे व केस कापून, स्वच्छ शुभ्र वस्त्र परिधान करून, छत्र, दंड आणि पादत्राणे धारण करून रोग्यांकडे जावे, असे तेथे सांगितले आहे. विद्या, अनुभव, राजाज्ञा आणि स्वच्छता यांना एकाच वाक्यात गुंफण्याची ही दृष्टी विलक्षण आहे. कौटिल्याने तर त्याही पुढे जाऊन, जिवावरच्या दुखण्यावर उपचार करणाऱ्या वैद्याने राजपुरुषांना आगाऊ वर्दी दिली नाही आणि रोगी दगावला तर त्यास पूर्वसाहसदंड, म्हणजे खालच्या पायरीचा दंड, आणि मृत्यू उपचारातील चुकीमुळे ओढवला असेल तर त्याहून मोठा मध्यमसाहसदंड, अशी उतरंड लावून दिली. शास्त्रात लिहिले ते सर्व राज्यांत अंमलात होते असे मानण्याचे कारण नाही. परंतु वैद्य हा केवळ आपल्या आणि रोग्याच्या विश्वासावर उभा नसून समाजास जबाबदार आहे, हा विचार या भूमीत परका नव्हता, एवढे निश्चित.

मधल्या शतकांत ही अनुज्ञा जवळजवळ लुप्त झाली. दरबारी वैद्यास आणि हकिमास सनद, इनाम, नेमणूक मिळे, परंतु ती राजाच्या सेवेबद्दल. पेठेतल्या वैद्यास, हाड बसवणाऱ्यास, जखमा बांधणाऱ्या जर्राहास, बाळंतपण करणाऱ्या सुइणीस कोणी दाखला विचारत नसे. त्यांची नोंद लोकांच्या स्मरणात असे, पिढीजात गुण हाच त्यांचा परवाना असे, आणि गुण न आला तर लोक दुसऱ्या दारी जात. भोसल्यांचे राज्य 1854 च्या सुमारास खालसा झाले, 1861 साली मध्यप्रांताची घडण होऊन नागपूर त्याची राजधानी बनले, तेव्हाही कळमन्यासारख्या मौजांतल्या माणसाचा सरकारी वैद्यकाशी संबंध फार थोडा येई. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद सांगण्यास ठाण्यावर जाई, देवी काढणारा वर्षातून एकदा येई, आणि पुढे पोस्टात क्विनिनच्या पैशापैशाच्या पुड्या मिळू लागल्या; याखेरीज सरकार गावच्या दुखण्याकडे बघत नसे. मृत्यूची नोंद ठेवणारे राज्य उपचाराची नोंद ठेवण्यास अर्धे शतक उशिराने तयार झाले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

शहरात मात्र चित्र पालटत होते. अंदमानात 1872 साली मारला गेलेला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याचे नाव ज्या रुग्णालयास दिले गेले, ते मेयो रुग्णालय नागपूरच्या सार्वजनिक जीवनाचे एक अंग होऊन बसले. इतके की त्यास जोडून उभ्या राहिलेल्या महाविद्यालयाचे अधिकृत नाव आज इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असले तरी रिक्षावाल्यास ‘मेयो’ म्हटल्यावाचून पत्ता लागत नाही. पुढे चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्टसन याच्या कारकिर्दीत, 1914 साली, नागपुरास रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. तेथून पदवी मिळत नसे. काही वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केल्यावर व्यवसाय करण्याची पात्रता देणारा लायसेन्शिएटचा दाखला मिळत असे, आणि तो घेऊन बाहेर पडलेला तरुण एल. एम. पी. म्हणवीत असे. मध्यप्रांताच्या आणि वऱ्हाडाच्या तालुक्यातालुक्यांत ज्या पिढीने पाश्चात्त्य वैद्यक पहिल्यांदा सामान्य माणसाच्या दारापर्यंत नेले, ती बहुतांशी या एल. एम. पीं.ची पिढी होय. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख ओझरता होतो, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

याच सुमारास कायदाही आला. इंग्लंडात 1858 च्या कायद्याने वैद्यांचे नोंदणीपुस्तक सुरू झाले होते. त्याच्या धर्तीवर मुंबई इलाख्याने 1912 साली आपला वैद्यक कायदा केला, बंगाल आणि मद्रास यांनी 1914 साली त्याचे अनुकरण केले, आणि 1916 साली मध्यप्रांताचा वैद्यकीय नोंदणी कायदा झाला. त्याच वर्षी मध्यवर्ती सरकारने वैद्यकीय पदव्यांसंबंधी कायदा करून, अधिकार नसलेल्या संस्थेने पदवी देणे आणि अधिकार नसलेल्या माणसाने ती नावापुढे लावणे हे गुन्हे ठरवले. पण या कायद्यांनी नोंद नसलेल्यास व्यवसाय करण्याची सरसकट बंदी केली नव्हती. नोंद झालेल्या वैद्याने दिलेला आजारपणाचा किंवा मृत्यूचा दाखला कचेरीत ग्राह्य धरला जाई, सरकारी व म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात त्याचीच नेमणूक होई, न्यायालयात त्याची साक्ष तज्ज्ञाची मानली जाई. ज्याची नोंद नाही त्यास या सवलती नसत, इतकेच. सरकारला आपल्या कचेरीत येणारा दाखला खरा आहे की नाही याची चिंता होती. खेड्यातील रोग्याच्या अंगात कोणी काय टोचले, याची चिंता त्याला पुढे अनेक वर्षांनी वाटू लागली. दोनच वर्षांत, 1918 साली, इन्फ्लुएंझाची साथ आली आणि मध्यप्रांत व वऱ्हाडास तिचा तडाखा हिंदुस्थानातील अत्यंत भीषण तडाख्यांपैकी एक बसला. त्या वेळी नोंदलेले डॉक्टर किती अपुरे आहेत हे दिसून आले, आणि नोंद नसलेल्या हातांवाचून गावे जगली नसती हेही दिसून आले.

त्या काळचा नागपुरातील खाजगी दवाखाना कसा असे, याचे चित्र जुन्या पिढीच्या बोलण्यातून आजही स्पष्ट उभे राहते. पुढच्या दालनात बाके, मधे पडदा, पडद्याआड डॉक्टर. आणि एका बाजूस लाकडी कठड्यामागे कंपाउंडर. रोगी घरून धुतलेली रिकामी बाटली आणी. कंपाउंडर मोठ्या बरण्यांतून पातळ औषधे मापून त्या बाटलीत मिसळी, वर पाणी भरी, बूच मारून ती हलवी, आणि मग कागदाची एक पट्टी दुमडून कातरीने तिच्या कडेला दाते पाडून ती बाटलीच्या अंगावर खळीने चिकटवी; एक दाता म्हणजे एक मात्रा. ज्यास अक्षर येत नव्हते त्यासही सकाळ-दुपार-संध्याकाळचे औषध त्या दात्यांवरून बिनचूक घेता येई. चूर्ण खलात घोटून पुड्या बांधल्या जात, काचेची पिचकारी आणि सुया स्पिरिटच्या दिव्यावर उकळल्या जात. डॉक्टराने आपल्या रोग्यापुरते औषध स्वतः द्यावे, ही रीत इतकी दृढ होती की पुढे 1940 साली औषधविषयक कायदा आणि 1945 साली त्याचे नियम झाले तेव्हाही, उघडे दुकान न मांडता केवळ आपल्या रोग्यांस औषध देणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास औषधविक्रीच्या परवान्यातून सूट ठेवावी लागली. ती सूट आजही आहे.

खाजगी दवाखान्याचे आणखी एक महत्त्व नागपूरच्या इतिहासात विसरता येत नाही. सरकारी पगारावर नसलेला, वकिलाप्रमाणे स्वतःच्या विद्येवर पोट भरणारा डॉक्टर हा सरकारपुढे मान ताठ ठेवू शकणारा माणूस होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून आलेले, नेत्ररोगांवर संस्कृतात ग्रंथ लिहिणारे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे, आणि सरकारी वैद्यकीय नोकरी सोडून नागपुरात व्यवसाय करणारे, 1937-38 साली मध्यप्रांत व वऱ्हाडाचे पंतप्रधान झालेले डॉ. नारायण भास्कर खरे, या दोघांची राजकीय मते व मार्ग काहीही असोत, त्यांच्या सार्वजनिक जीवनामागे खाजगी व्यवसायाने दिलेले स्वातंत्र्य उभे होते. परवान्याची मागणी करताना हे स्वातंत्र्य मोडून पडू नये, अशी काळजी डॉक्टरांच्या मनात पुढेही राहिली. ती समजून घेतल्याशिवाय नंतरच्या वादांचा अर्थ लागत नाही.

दरम्यान नोंदणीपुस्तकातच एक भेद पडला. इंग्लंडच्या वैद्यक परिषदेने 1930 साली हिंदी पदव्यांची मान्यता काढून घेतल्यावर येथे 1933 च्या कायद्याने भारतीय वैद्यक परिषद स्थापन झाली. परंतु तिने पदवीधरांचा विचार केला, लायसेन्शिएटांचा नाही. आरोग्यव्यवस्थेच्या पाहणीसाठी सरकारने नेमलेल्या भोर समितीने 1946 साली अहवाल दिला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 47 हजार डॉक्टर होते आणि त्यांतले जवळजवळ 30 हजार लायसेन्शिएट होते. म्हणजे दर 6,300 माणसांमागे पडणाऱ्या एका डॉक्टरास बहुतेक ठिकाणी पदवी नव्हतीच. तरीही समितीच्या बहुमताने हा अभ्यासक्रम बंद करून एकच, पदवीचा, दर्जा ठेवावा अशी शिफारस केली. काही सदस्यांनी मतभेदाची टिप्पणी जोडली. नागपुरात 1947 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, लोक त्यास ‘मेडिकल’ म्हणू लागले, आणि रॉबर्टसन शाळेचा काळ संपला. दर्जा वाढला यात शंका नाही. परंतु पदवीधर डॉक्टर शहरात राहिला, आणि गावातून व शहराच्या कडेवरून एल. एम. पी. निवृत्त होत गेला तसतशी त्याची रिकामी जागा भलत्या लोकांनी भरून काढली, हा त्या निर्णयाचा दुसरा परिणाम होता. माझ्या मते तो ओळखण्यात आपण फार वर्षे घालवली.

वैद्य-हकिमांचा प्रश्न त्याहून अवघड होता. मुंबई प्रांताने 1938 साली आयुर्वेद व युनानी चिकित्सकांच्या नोंदणीचा कायदा करून देशास मार्ग दाखवला. मध्यप्रांत व वऱ्हाडाने 1947 साली तसाच कायदा केला. पदविका नसलेल्या पण पुष्कळ वर्षे व्यवसाय करीत आलेल्या माणसाचे काय करावे, हा पेच प्रत्येक नोंदणी कायद्यास सोडवावा लागतोच. मुंबईने त्यांच्यासाठी निराळी यादी ठेवली. विदर्भाचे आठ जिल्हे 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यात आले, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला, आणि दोन प्रांतांचे दोन कायदे मोडून 1961 साली महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायदा करण्यात आला. त्याच्या तेहतिसाव्या कलमाने नोंद नसलेल्यास वैद्यक व्यवसाय करण्यास मनाई आणि शिक्षा अशी दोन्ही स्पष्टपणे घातली. वर्तमानपत्रांत आज ‘बोगस डॉक्टर’ म्हणून ज्याच्यावर कारवाई झाल्याची बातमी येते, त्याच्यावर पोलिसांत लावलेले कलम बहुधा हेच असते. 1965 साली महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा कायदा होऊन मध्यप्रांताचा 1916 चा जुना कायदाही इतिहासजमा झाला. आता पाच-पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी नवे ज्ञान मिळवल्याचे गुण दाखवावे लागतात. माणसाची परीक्षा एकदाच घेऊन भागत नाही, हे तत्त्व उशिरा का होईना मान्य झाले.

माणसानंतर पलंगाची पाळी आली. इंग्लंडातील 1927 च्या कायद्याचे उदाहरण समोर ठेवून मुंबई प्रांताने 1949 साली शुश्रूषागृह नोंदणी कायदा केला. त्या वेळी नागपूर दुसऱ्या प्रांतात असल्याने त्याचा येथे संबंध नव्हता, आणि राज्ये जोडली गेल्यावर तो इकडे आला. जेथे रोग्यास ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा केली जाते, किंवा बाळंतपण होते, त्या वास्तूची नोंद स्थानिक देखरेख अधिकाऱ्याकडे व्हावी. चालक योग्य असावा, जागा सोयीची असावी, शिक्षित परिचारिका आणि प्रसूतिगृहात सुईण असावी. दाखला दर्शनी भागी लावावा आणि मुदत संपताच नवा घ्यावा, असा त्याचा सारांश. सध्या ही मुदत तीन वर्षांची असून तिसऱ्या वर्षीच्या 31 मार्चला दाखला संपतो. 2021 च्या जानेवारीत नियमांत मोठी सुधारणा होऊन रुग्णांच्या हक्कांची सनद आणि सेवांचे दर भिंतीवर लावणे बंधनकारक झाले; करोनाच्या काळात खाजगी रुग्णालयांच्या बिलांवर सरकारला मर्यादा घालावी लागली होती, त्या अनुभवाची ती फलश्रुती मानता येईल. परंतु हा सारा कायदा पलंगाभोवती फिरतो. ज्या खोलीत रोगी रात्र काढत नाही, ती त्याच्या हिशेबी अस्तित्वातच नाही.

मग ही खोली कोणत्या कायद्याखाली येते? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता दुकाने व आस्थापनांच्या कायद्यापाशी यावे लागते, आणि येथे एक मोठा मनोरंजक वाद झालेला आहे. मुंबईच्या 1948 च्या कायद्याखाली गुजरातमधील एका डॉक्टरावर, त्याने नोकरांची नोंदवही ठेवली नाही म्हणून, खटला भरण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 1968 साली न्यायालयाने निर्णय दिला की डॉक्टराचा खाजगी दवाखाना ही व्यापारी आस्थापना नव्हे, कारण तेथे मालक व नोकर मिळून व्यापारासारखा उद्योग करीत नसून एका माणसाच्या बुद्धीचे व कौशल्याचे कर्म चाललेले असते. वैद्यकाच्या प्रतिष्ठेस धरून असलेला हा निकाल. पण त्यामुळे कंपाउंडरची सुट्टी, त्याचे कामाचे तास, त्याची पगारी रजा यांचे काय, हा प्रश्न उघडा पडला. महाराष्ट्राने 1977 साली कायद्यात दुरुस्ती करून वकील, वास्तुविशारद यांच्याबरोबर वैद्यक व्यवसायीसही आस्थापनेत आणले. 2017 साली नवा कायदा झाला, त्यात दवाखाना, क्लिनिक, प्रसूतिगृह यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र दहाहून कमी माणसे कामावर असतील तर नोंदणी नको, नुसती सूचना दिली की पुरे, असे त्यात तेव्हा ठरले. कळमन्याच्या रस्त्यावरील दवाखान्यात दहा नोकर कोठून असणार? म्हणून त्याच्या भिंतीवर टांगलेला तो कागद म्हणजे डॉक्टराने सरकारला कळवल्याची पावती आहे. तो दवाखाना कसा आहे हे कोणी पाहून गेल्याचा पुरावा तो नाही, आणि रोगी त्यास परवाना समजतो ही त्याची फसगत आहे.

शहराच्या कडेला आणखी एक अडचण येते, ती जमिनीची. नागपूर सुधार प्रन्यास 1936 च्या कायद्याने जन्मास आला, म्युनिसिपालिटीची 1951 साली महानगरपालिका झाली; परंतु पूर्व नागपूरच्या शेतांत लेआउट पाडणाऱ्यांनी या दोघांचीही वाट पाहिली नाही. प्लॉट आधी विकले गेले, घरे आधी उठली, आणि 2001 च्या गुंठेवारी कायद्यानंतर प्रन्यासाचे ‘आरएल’, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचे पत्र, मिळवण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे खेटे घातले. ज्या डॉक्टरास तेथे चार पलंगांचे शुश्रूषागृह काढायचे आहे, त्याच्याकडे पदवी आहे, अनुभव आहे, रोगी आहेत. मंजूर नकाशा नाही. अग्निशमनाचा दाखला 2006 च्या कायद्याने आवश्यक, आणि तो का आवश्यक आहे हे 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात अर्भके दगावली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. तेव्हा त्या दाखल्याविषयी कुरकुर करणे शोभत नाही. परंतु नियमांची ही उंची पाहून प्रामाणिक डॉक्टर पलंगच ठेवत नाही, एका खोलीत बसतो. आणि जो प्रामाणिक नाही तो पडद्याआड पलंग ठेवतो आणि सलाइन लावतो. कचऱ्याच्या बाबतीत तरी 2016 च्या नियमांनी बिनपलंगी दवाखान्यासही प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र, एकदाच का होईना, घ्यावयास लावले. सुई कोठे पडते याची सरकारदरबारी नोंद आहे. ती सुई ज्या खोलीत टोचली गेली तिची नाही.

केंद्राने 2010 साली वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा कायदा केला, त्यात एका डॉक्टराच्या दवाखान्याचाही समावेश आहे. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही, आणि स्वतःचा तसा कायदाही अद्याप केलेला नाही. डॉक्टरांच्या संघटनांची भीती अशी की नोंदणी म्हटली की तपासनीस आला, तपासनीस आला की हप्ता आला, आणि मोठ्या रुग्णालयांसाठी बेतलेल्या अटी छोट्या दवाखान्याचा गळा घोटतील. ही भीती निराधार नाही, हे या व्यवसायाच्या स्वातंत्र्याचा इतिहास पाहिलेल्या माणसाने कबूल केले पाहिजे. पण त्यावरचा उपाय नोंद न करणे हा नव्हे. खोलीचा पत्ता, तेथे बसणाऱ्याचे नाव, त्याची पॅथी, परिषदेतील नोंदणी क्रमांक आणि कचऱ्याच्या विल्हेवाटीची व्यवस्था, एवढ्या पाच गोष्टींचे पुस्तक महानगरपालिकेच्या प्रत्येक झोनच्या कचेरीत, ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रात, नाममात्र शुल्कावर ठेवता येईल, आणि ते कोणासही पाहता येईल असे उघडे असावे. पलंग, शस्त्रक्रिया, सोनोग्राफी यांचे कडक नियम ज्यांच्या त्यांच्या जागी राहोत. एका खोलीच्या दवाखान्यास मात्र हलकी, पण सक्तीची नोंद लावावी.

राज्याच्या विधिमंडळाने हा कायदा करावा, आणि तो करताना मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांचे म्हणणे ऐकण्याआधी कळमन्याच्या बाजारात पहाटे चार वाजता गाडी खाली करणाऱ्या हमालाचे म्हणणे ऐकावे. आणि तोवर वाचकांपैकी जो कोणी अशा दवाखान्याची पायरी चढेल, त्याने भिंतीवरील परिषदेच्या नोंदणीपत्राचा क्रमांक वाचावा, नसल्यास विचारावा. तो विचारण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे, आणि खरा डॉक्टर त्याचा राग मानत नाही.